कृत्रिम हाताला स्पर्शाची जाण

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात विश्पलेचा उल्लेख येतो. युद्धात तिचा पाय तुटला असता अश्विनीकुमारांनी तिला लोहाचा पाय बसवून दिला, असा त्या उल्लेखाचा अर्थ परंपरेने लावण्यात येतो. सोळाव्या शतकात फ्रान्समधील शल्यविशारद आंब्रोआझ पारे याने स्प्रिंगा व खटके यांच्या साह्याने बोटे मिटू शकतील अशा यांत्रिक हाताची रचना केली. पुढे लाकूड व लोखंड यांची जागा ॲल्युमिनियम, रबर आणि प्लॅस्टिक यांनी घेतली. इ. स. १९६० च्या सुमारास उरलेल्या दंडातील स्नायूंच्या सूक्ष्म विद्युत् संकेतांवर चालणारे हातही तयार होऊ लागले. स्नायू आवळला की मूठ मिटते व दुसरा स्नायू आवळला की ती उघडते, अशी त्यांची योजना असते.

या दीर्घ प्रवासात कृत्रिम अवयवाला आकार आला आणि हालचालही आली. स्पर्श मात्र आला नाही. कृत्रिम हाताने धरलेला पेला घट्ट धरला गेला आहे की निसटतो आहे, हे तो धारण करणाऱ्या व्यक्तीला डोळ्यांनी पाहूनच ठरवावे लागते. अंधारात, किंवा लक्ष दुसरीकडे असताना, असा हात जवळजवळ निरुपयोगी ठरतो. मोठा खर्च करून बसविलेला हात काही महिन्यांतच खुंटीला टांगून ठेवला जातो, याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे. ही उणीव भरून काढण्याच्या दिशेने गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे संशोधन झाले, त्याचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

हात : कर्मेंद्रिय आणि ज्ञानेंद्रियही

आपल्या परंपरेत हाताची गणना कर्मेंद्रियांत होते व त्वचेची ज्ञानेंद्रियांत. परंतु हाताच्या तळव्यावर व बोटांच्या टोकांवर ही दोन्ही इंद्रिये एकत्र नांदत असतात. एका तळहाताच्या त्वचेतून स्पर्शाची वार्ता वाहून नेणारे सुमारे १७,००० मज्जातंतू निघतात, असे शास्त्रज्ञांचे अनुमान आहे. त्यांच्यात कामाची वाटणी असते. काही तंतू स्थिर दाबाची वार्ता देतात, काही हलक्या सरकत्या स्पर्शाची, काही कंपनाची, तर काही त्वचेवर पडणाऱ्या ताणाची.

स्वीडनमधील शास्त्रज्ञ रोलंड योहान्सन व त्यांचे सहकारी यांनी इ. स. १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून एक मनोवेधक गोष्ट स्पष्ट झाली. आपण एखादी वस्तू उचलतो तेव्हा ती निसटू नये यासाठी जेवढा जोर आवश्यक असतो, त्याहून थोडाच अधिक जोर बोटे लावतात. वस्तू किंचित् जरी घसरू लागली तरी मनात विचार येण्यापूर्वीच पकड घट्ट होते. अंडे फुटत नाही आणि भरलेली घागर हातातून सुटत नाही, ती या अखंड देखरेखीमुळेच.

शिक्षकबंधू व भगिनींना याचे प्रात्यक्षिक वर्गात सहज करून दाखविता येईल. विद्यार्थ्याला जाड हातमोजे घालावयास सांगावे, डोळे मिटावयास लावावे, आणि दप्तरातून खोडरबर काढावयास सांगावे. बोटे तीच, त्यांतील शक्तीही तीच. परंतु स्पर्श झाकला गेल्याबरोबर हात किती अडाणी होतो, हे मुलांच्या तत्काळ ध्यानात येईल.

हात असून स्पर्श नसेल तर

स्पर्शाचे मोल भारताला एका दुःखद मार्गाने फार पूर्वीच कळले आहे. कुष्ठरोगात बोटे आपोआप झडतात, असा समज पूर्वी सर्वत्र होता. तमिळनाडूतील वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये इ. स. १९४६ पासून काम करणारे शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी रुग्णांचे बारकाईने निरीक्षण केले. या रोगात मज्जातंतू निकामी होऊन हातापायांची संवेदना जाते. मग चुलीवरचे तापलेले भांडे उचलताना चटका कळत नाही, कुलूप उघडताना किल्ली बोटात रुतल्याचे समजत नाही, जखम झालेल्या पायावरच माणूस चालत राहतो. अशा रीतीने जखमांवर जखमा होऊन बोटे नष्ट होतात, हे त्यांनी दाखवून दिले.

पुढे डॉ. ब्रँड अमेरिकेत लुइझियाना राज्यातील कारव्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तेथे त्यांनी संवेदनाहीन हातांसाठी कृत्रिम वेदनेची योजना करून पाहिली. हातमोज्यात दाब मोजणारी साधने बसविली आणि दाब धोक्याच्या मर्यादेपलीकडे गेला की कानात आवाज व्हावा, अशी व्यवस्था केली. आवाजाकडे रुग्णांनी दुर्लक्ष केले. तेव्हा आवाजाऐवजी शरीराच्या संवेदना शाबूत असलेल्या भागाला विजेचा झटका देण्याची सोय करण्यात आली. परंतु एखादे काम उरकायचेच असेल तर रुग्ण तेवढ्यापुरते यंत्र बंद करून टाकीत! अखेर हा प्रयोग सोडून द्यावा लागला.

या अपयशाने एक मोठे सत्य शिकविले. बाहेरून आलेली सूचना कितीही अचूक असली तरी माणूस ती परकी मानतो. जी जाणीव स्वतःच्या बोटातून आल्यासारखी वाटते तीच त्याची होते. म्हणून कृत्रिम हाताला खरी जाण द्यावयाची तर त्या हाताची वार्ता पूर्वीच्याच वाटेने, म्हणजे रुग्णाच्या स्वतःच्या मज्जातंतूंतून, मेंदूपर्यंत गेली पाहिजे. पण हात तुटल्यावर ती वाट शिल्लक राहते काय, हा प्रश्न येथे उपस्थित होतो.

तुटलेल्या हाताची जिवंत तार

या प्रश्नाचे उत्तर अंगच्छेद झालेल्या व्यक्तींच्या अनुभवातच दडलेले होते. हात वा पाय काढून टाकल्यावरही तो जागेवरच आहे, त्याला खाज सुटते आहे, त्याची मूठ आवळली जात आहे, असे अशा व्यक्तींना अनेकदा वाटते. अमेरिकेतील यादवी युद्धातील जखमी सैनिकांवर उपचार करणारे डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी या अनुभवाला ‘आभासी अवयव’ या अर्थाचे नाव इ. स. १८७१ मध्ये दिले. नसलेल्या हाताच्या वेदना पुष्कळांना वर्षानुवर्षे छळतात. हा मनाचा दुबळेपणा नव्हे आणि वेडाचे लक्षण तर मुळीच नव्हे, हे कुटुंबीयांनी लक्षात ठेवणे जरूर आहे.

याचे कारण असे की, हात कापला गेला तरी त्याच्याकडून मेंदूकडे जाणारे मज्जातंतू उरलेल्या दंडात जिवंत राहतात. गावाबाहेरचे एखादे घर पडले तरी त्या घराकडे गेलेली टेलिफोनची तार खांबांवर तशीच राहावी, तसाच हा प्रकार आहे. त्या तारेवर कोठेही संकेत उमटला तरी केंद्रातील मनुष्य तो त्या घरूनच आला असे समजणार. मेंदूतही हाताची जागा राखून ठेवलेली असते. मज्जातंतूंची भाषा कोणती, हे इंग्लंडमधील शास्त्रज्ञ एडगर एड्रियन यांनी इ. स. १९२० नंतरच्या दशकात उलगडले होते. तंतूंतून एकाच मापाचे विद्युत् स्पंद जातात. दाब वाढला की स्पंदाचा आकार वाढत नाही, त्यांची वारंवारता वाढते. या कार्याबद्दल त्यांना इ. स. १९३२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

तार जिवंत आहे आणि तिची भाषाही ज्ञात आहे. तेव्हा कृत्रिम बोटावरील दाबाचे त्या भाषेत रूपांतर करून तो संकेत तारेवर सोडावयाचा, एवढेच काम उरते. सांगण्यास सोपे वाटणारे हे कार्य सिद्धीस जाण्यास मात्र अनेक दशके लागली.

छातीवर उमटलेला हात

यातील एक महत्त्वाचा टप्पा काहीसा अनपेक्षितपणे गाठला गेला. अमेरिकेतील शिकागो येथील डॉ. टॉड कुइकेन यांच्याकडे विजेच्या अपघातात दोन्ही हात गमावलेला एक वीज-कर्मचारी आला होता. इ. स. २००२ मध्ये त्याच्या हाताकडे जाणारे मज्जातंतू शस्त्रक्रियेने छातीच्या स्नायूंकडे वळविण्यात आले. ‘मूठ मिटावी’ असे त्याने मनात आणताच छातीचा स्नायू आकुंचन पावावा आणि त्या संकेतावर यांत्रिक हात चालावा, हा त्यामागील हेतू होता व तो सफल झाला. पण त्याबरोबरच दुसराही चमत्कार दिसून आला. छातीच्या त्वचेला स्पर्श केला असता, कोणी आपल्या नसलेल्या हाताला स्पर्श करीत आहे, असे त्याला वाटू लागले. वळविलेल्या तंतूंनी छातीच्या कातडीत आपले घर केले होते.

रोम, क्लीव्हलँड आणि युटा

इ. स. २०१३ मध्ये इटलीतील रोम येथील रुग्णालयात डेन्मार्कच्या एका नागरिकावर पुढचा प्रयोग करण्यात आला. फटाक्याच्या अपघातात त्याचा डावा हात गेला होता. प्रा. सिल्वेस्ट्रो मिचेरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या दंडातील दोन मज्जातंतूंत केसासारखे सूक्ष्म असे चार इलेक्ट्रोड बसविले आणि कृत्रिम बोटांवरील दाब विद्युत् संकेतांच्या रूपाने त्यांच्याकडे पोहोचविला. डोळे बांधलेले व कान बंद केलेले असतानाही हातातील वस्तू कठीण आहे की मऊ, गोल आहे की लांबट, हे त्याला सांगता आले. लाकडाचा ठोकळा, प्लॅस्टिकच्या पेल्यांची चळत आणि कापसाचा गठ्ठा यांतील फरक त्याने ओळखला. सुरक्षिततेच्या नियमानुसार सुमारे एका महिन्याने हे इलेक्ट्रोड काढून घ्यावे लागले. या प्रयोगाचा वृत्तान्त फेब्रुवारी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील प्रा. डस्टिन टायलर यांच्या गटाने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी मज्जातंतूच्या आत न शिरता त्याच्याभोवती कफाप्रमाणे बसणारे इलेक्ट्रोड वापरले. दोन व्यक्तींमध्ये ते एक वर्षाहून अधिक काळ उत्तम चालले. येथे जे आढळले ते विशेष लक्षणीय आहे. प्रारंभी एकसारखे विद्युत् स्पंद सोडले असता रुग्णांना केवळ मुंग्या आल्यासारखे वाटे. परंतु स्पंदांचा जोर ठरावीक लयीत कमीअधिक करताच मुंग्या थांबल्या व खरा स्पर्श जाणवू लागला. कधी टिचकी, कधी स्थिर दाब, कधी त्वचेवरून काहीतरी हलकेच सरकल्याची भावना, असे स्पर्शाचे निरनिराळे प्रकार निव्वळ लय बदलल्याने निर्माण करता आले. नैसर्गिक स्पर्श कधीच एकसुरी नसतो. मेंदूला एकसुरी आरोळी समजत नाही, त्याला बोलण्यातील चढउतार समजतात, असे म्हणावयास हरकत नाही. चेरीसारख्या नाजूक फळाचे देठ, फळ न चेंगरता काढणे या व्यक्तींना साधू लागले. इतकेच नव्हे, तर त्यांच्या आभासी हाताच्या वेदनाही जवळजवळ नाहीशा झाल्या. मेंदू ज्या वार्तेची वर्षानुवर्षे वाट पाहत होता ती त्याला मिळाल्यामुळे असे घडले असावे.

युटा विद्यापीठातील प्रा. ग्रेगरी क्लार्क व त्यांच्या गटाने याच तत्त्वाचा आणखी विकास केला. खरी त्वचा वस्तूला स्पर्श होताक्षणी स्पंदांचा मोठा झोत पाठविते व मग तो ओसरतो. इ. स. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कृत्रिम हाताच्या संकेतांना हेच वळण देण्यात आले. विजेच्या अपघातात हात गमावलेल्या व्यक्तीला त्या योगे अंडे न फोडता उचलणे, द्राक्ष न चिरडता धरणे शक्य झाले. आपल्या पत्नीचा हात हाती घेतल्याचा स्पर्शही त्याला जाणवला. स्पर्श हा कामापुरताच नसतो, तो मायेचाही असतो, हे येथे ध्यानात यावे.

प्रयोगशाळेबाहेर दैनंदिन जीवनात असे हात टिकतील काय, या शंकेचे काही प्रमाणात निरसन स्वीडनमध्ये झाले. तेथे मॅक्स ऑर्टिझ कॅटलान व त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम हात थेट दंडाच्या हाडात बसविलेल्या टायटॅनियमच्या दांड्याला जोडला. मज्जातंतू व स्नायू यांच्याकडे जाणाऱ्या तारा त्याच दांड्यातून नेल्या. तीन व्यक्ती असे हात तीन ते सात वर्षे आपल्या घरी व कामावर वापरीत होत्या, असे इ. स. २०२० मध्ये प्रसिद्ध करण्यात आले.

पायाखालची जमीन

आपल्या देशात कृत्रिम पायाची गरज असलेल्यांची संख्या मोठी आहे. त्यामुळे पायासंबंधीचे संशोधनही महत्त्वाचे ठरते. कृत्रिम पाय घातलेल्या व्यक्तीला पायाखाली दगड आहे की चिखल, पाय पूर्ण टेकला की नाही, हे कळत नाही. म्हणून ती सारा भार चांगल्या पायावर टाकते व लवकर थकते. स्वित्झर्लंडमधील झुरिच येथील स्टानिशा रास्पोपोविच व त्यांच्या गटाने कृत्रिम पायाच्या तळव्याला व गुडघ्याला संवेदक बसवून त्यांची वार्ता मांडीतील मज्जातंतूपर्यंत पोहोचविली. इ. स. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तानुसार गुडघ्याच्या वर पाय कापलेल्या दोन व्यक्ती वाळूवरून अधिक वेगाने चालू लागल्या, त्यांचे श्रम कमी झाले आणि आभासी पायाच्या वेदनाही घटल्या.

शीतोष्णाच्या जाणिवेतही प्रगती झाली आहे. उरलेल्या हाताच्या कातडीवरील विशिष्ट ठिकाणी गरम वा थंड वस्तू टेकविली असता ती जाणीव नसलेल्या हातात होते, असे इ. स. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २७ पैकी १७ व्यक्तींमध्ये आढळून आले. यासाठी कोणतीही शस्त्रक्रिया करावी लागत नाही.

ज्यांच्या पाठीचा कणा दुखावल्यामुळे मज्जातंतूंची वाटच बंद झाली आहे, त्यांच्यासाठी अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे मेंदूच्या स्पर्शकेंद्रातच सूक्ष्म इलेक्ट्रोड बसविण्यात आले. अशा एका व्यक्तीला यांत्रिक हाताने वस्तू उचलून ठेवण्यास स्पर्शाविना सुमारे २० सेकंद लागत. स्पर्शाची जोड मिळताच तेच काम सुमारे १० सेकंदांत होऊ लागले, असे इ. स. २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. हात तोच व माणूसही तोच होता. फरक केवळ जाणिवेचा होता.

मर्यादांचे भान

ही सर्व वार्ता आशादायक असली तरी वाचकांनी एक गोष्ट स्पष्टपणे लक्षात घ्यावी. मज्जातंतूत वा मेंदूत इलेक्ट्रोड बसवून स्पर्श देणारे अवयव अद्याप प्रामुख्याने संशोधनाच्या अवस्थेत आहेत. प्रयोगात सहभागी झालेल्या व्यक्तींची संख्या अल्प आहे. शस्त्रक्रिया, जंतुसंसर्गाचा धोका, तारांचे आयुष्य आणि फार मोठा खर्च हे प्रश्न सुटावयाचे आहेत. मिळणारा स्पर्शही पूर्वीच्या हातासारखा संपूर्ण नसतो. हजारो तंतूंच्या जागी काही मोजक्या वाटाच उघडलेल्या असतात. कातडीवर कंपन करून पकडीची सूचना देणारे सोपे हात परदेशी बाजारात उपलब्ध आहेत. पण तीही सूचनाच, स्पर्श नव्हे. तेव्हा ‘संपूर्ण स्पर्श परत मिळवून देतो’ अशी खात्री देऊन कोणी पैसे मागत असल्यास सावध राहावे व सरकारी रुग्णालयातील तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

आज आपण काय करावे

नवे तंत्र आपल्यापर्यंत पोहोचेल तेव्हा पोहोचेल. परंतु हाती असलेल्या साधनांचा लाभ न घेणे योग्य नव्हे. पुणे येथील लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र इ. स. १९४४ पासून कार्यरत आहे. जयपूर येथे डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडविलेला ‘जयपूर फूट’ घालून अनवाणी चालता येते, मांडी घालून बसता येते व शेतातही उतरता येते. केंद्र शासनाच्या इ. स. १९८१ पासूनच्या ‘एडिप’ योजनेखाली पात्र व्यक्तींना साहाय्यक साधने मिळू शकतात. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व यूडीआयडी ओळखपत्र काढून घ्यावे. ग्रामसेवक, तलाठी व शिक्षक यांनी आपल्या गावातील अशा व्यक्तींना अर्ज भरण्याच्या कामी साहाय्य केल्यास मोठेच कार्य होईल.

अंगच्छेदानंतर जखम भरल्यावर कृत्रिम अवयव बसविण्यास विनाकारण विलंब लावू नये. उरलेल्या भागाची त्वचा रोज धुऊन, कोरडी करून तपासावी. मधुमेही व कुष्ठरोगातून बरे झालेल्या व्यक्तींनी आपली पावले रोज डोळ्यांनी पाहावीत. कारण तेथील जखमेची वार्ता देणारा पहारेकरी झोपी गेलेला असतो.

आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे आहे तो हात जपणे. मळणीयंत्र, कडबाकुट्टी वा उसाचा चरक चालू असताना सैल बाह्या, उपरणे वा पदर त्यांच्याजवळ नेऊ नये आणि अडकलेला पाला यंत्र थांबविल्यावाचून काढू नये. दुर्दैवाने बोट वा हात तुटलाच तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून रक्तस्राव थांबवावा. तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा व ती पिशवी बर्फात ठेवावी. तो भाग थेट बर्फाला लावू नये. रुग्णाला त्या भागासह शक्य तितक्या त्वरेने मोठ्या रुग्णालयात न्यावे. काही वेळा तो भाग पुन्हा जोडता येतो.

जगातील अत्यंत कुशल शास्त्रज्ञ अनेक वर्षे झटून स्पर्शाच्या मोजक्या वाटा उघडू शकले आहेत. आपल्या तळहातावर तशा हजारो वाटा जन्मतःच उघड्या असतात. त्यांचे मोल जाणून त्या जपणे आणि ज्यांच्या त्या हरपल्या आहेत त्यांना उपलब्ध साधने वेळेवर मिळवून देणे, हे आपणा सर्वांचे कर्तव्य होय.